मांडी घालणारा पाय

“भाईर जातुया, वन्सं. मांडी घालाया गेलं की पाय आत याचा सोडून भाईर पळतुया.”

“भाईर म्हंजी कुटं?”

“पाद्रीबाबाच्या केकात. त्ये बिचारे डोळं मिटून देवाचं नाव घेत हुते. डोळं उघडून बघत्यात तर केकाच्या जागी तुमी केल्याला पाय, आन केक पार त्येंच्या मांडीवर.”

मासिनाचं डोकं तेव्हा शेजारणीच्या कपडे धुण्याच्या मशीनमध्ये होतं. ते तिनं बाहेर काढलं. कानाला ग्रीस लागलं होतं.

“आन दादा काय म्हनला?”

“चवरी खांद्यावर टाकली आन म्हनले, ‘तिला सांग, आमाला सभेत बसायचंय, रग्बी न्हाय खेळायची.’”

‘तिला सांग’ ह्यात फेतूला काही वाटलं नाही आणि मासिनालाही नाही. लेफाओ फेतूचा नवरा, मासिनाचा सख्खा भाऊ. आणि आमच्या वाइतोलो गावात भाऊ-बहीण वयात आले की दोघांमध्ये अदबीची भिंत उभी राहते. आमच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब आणि वर छप्पर, तेव्हा भिंतीची सगळी हौस गाव या एका नात्यात भागवून घेतो. बहिणीनं भावाच्या अंगाकडं बघायचं नाही, भावानं बहिणीपुढं दुखण्याखुपण्याचा विषय काढायचा नाही. लेफाओचा पाय गुडघ्याच्या वर कापलेला, म्हणजे गोष्ट थेट मांडीची. आता मांडी हा शब्दच जिथं उच्चारायचा नाही तिथं तिला पाय जोडायचा म्हणजे काय ते बघा. मासिना सांगायची, फेतू मापं घ्यायची, लेफाओ कुरकुरायचा, आणि ती कुरकुर फेतूच्या तोंडून रस्ता ओलांडून मासिनाच्या ओसरीला यायची.

“वैनी, बस खाली. त्यो कसा बसतो त्ये पुन्यांदा दाव.”

फेतू बसली. डावा पाय आत घेतला. मासिनानं तिच्या पायाकडं बघितलं, मग स्वतःच्या पायाकडं बघितलं, मग आभाळाकडं बघून एक कचकचीत शिवी हासडली. फेतू तिच्यासमोर बसली होती. समोरच्याचा डावा गुडघा आपल्या उजव्या हाताला येतो, एवढं उमजायला तिला पाद्रीबाबांचा अख्खा केक खर्ची घालावा लागला. दुसऱ्या कुठल्याही मुलखातल्या कारागिरानं गिऱ्हाइकाला पुढ्यात बसवलं असतं, पाठीमागनं वाकून बघितलं असतं आणि चहाच्या आत काम उरकलं असतं. आमच्याकडं अदब पहिली. पाय काय, नंतरही लागतो.

“उलटा बसिवला व्हय जोड?” फेतूनं विचारलं.

“उलटा न्हाय. आरशातला झाला.”

“मंग आरशातच मांडी घाला म्हनावं का त्येंला?”

“पाय ठिऊन जा, वैनी. आन तोंड संगं घिऊन जा.”

लेफाओचा पाय साखरेनं नेला. आमच्या बेटावर साखर पाहुणीसारखी येते, घरात सगळ्यांची लाडकी होते, आणि जाताना कुणाचा पाय, कुणाचे डोळे असं काहीबाही संगं घेऊन जाते. लेफाओला कुणी बळजबरीनं गोड खाऊ घातलं नव्हतं. गावच्या मानकऱ्याला आमच्यात मताई म्हणतात, आणि तो गावातला बोलका मताई. लग्न असो की मयत, मानकऱ्याच्या वतीनं बोलायचं काम त्याचं, आणि बोललेल्या माणसाला गावकरी उपाशी सोडत नाहीत. चांगल्या भाषणाला कोको, फार चांगल्या भाषणाला कोको आणि केक. लेफाओ फार चांगलं बोलायचा.

मोठ्या इस्पितळात पाय कापला, आणि पुढं काही महिन्यांनी परदेशच्या मदतीतून त्याला नवा पाय आला. त्या पायाला नावं ठेवायला जागा नव्हती. चालता येई, चर्चच्या पायऱ्या चढता येत. पायाबरोबर एक चित्र आलं होतं, त्यात गोरा म्हातारा तसलाच पाय लावून खुर्चीत बसून हसत होता. खुर्चीत बसायचं असतं तर लेफाओही हसला असता. पण गावची सभा भरते ती मोठ्या गोल घरात, जमिनीवर. ज्याच्या त्याच्या घराण्याचा जो खांब, त्याला पाठ लावून मांडी घालून बसायचं. तिथं खुर्ची नेली तर मोठ्या मताईपेक्षा डोकं उंच होतं. पाय लांब केला तर तळवा कुणाच्या तरी तोंडाकडं जातो, आणि आमच्यात ते थुंकण्याच्या बरोबरीचं. फार थकलेला माणूस चटईखाली पाय झाकून बसतो. पण बोलक्या मताईनं चटईखाली पाय लपवून गावाला शहाणपण शिकवायचं म्हणजे लोक शहाणपण ऐकत नाहीत, चटईच बघतात.

तेव्हा लेफाओ सभेला जाईनासा झाला. आणि त्याचा चुलतभाऊ तानीएलू, त्याला लेफाओची दया यायला लागली. एवढी दया आमच्या गावानं कधी बघितली नव्हती. सकाळी आला की विचारायचा, “कसं हाय दादा, लई दुखतंय का?” आणि नाही म्हटलं की तोंड पडायचं. “तू घरी पड. त्यो खांब मी संबाळतो. आपल्यात का परकं हाय?” असं त्यानं म्हणता म्हणता सभेतही म्हटलं. मोठा मताई अती म्हातारा आणि अती शांत. तो म्हणाला, पुढच्या सभेला लेफाओ रीतीनं खांबाशी बसला तर बसला. नाही बसला तर खांब तानीएलूचा.

खांब लेफाओच्या बापाचा होता, म्हणजे मासिनाच्याही बापाचा. हे ती कुणाला बोलली नाही. ती एवढंच म्हणाली की परदेशातल्या पायाला मांडी घालता येत नसेल तर तो पाय नव्हे, काठी आहे, आणि आपण त्याला मांडी शिकवू.

हे ऐकून गावाला धडकी भरली.

कारण मासिनाची हुशारी गावानं आधी भोगलेली होती. बाई राजधानीत, आपियाला, मोटारींच्या वायरी जोडायच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून आली होती. नवरा न्यूझीलंडला हंगामापुरती सफरचंदं तोडायला गेला, ती सफरचंदं अजून तोडून संपलेली नाहीत. तेव्हा ही माहेरच्या गावात ओसरी मांडून पंखे, मशिनी, होडीची इंजिनं दुरुस्त करायची, आणि मोकळ्या वेळात माणसं. पाद्रीबाबांना ऐकू येईना म्हणून तिनं जुन्या रेडिओचा कानाला लावायचा कर्णा केला. तो इतका झकास चालला की चर्चच्या मागच्या रांगेतल्या बायका त्यांच्या प्रवचनाविषयी काय बोलतात ते पाद्रीबाबांना पहिल्यांदाच ऐकू आलं. तेव्हापासून त्यांनी बहिरंच राहायचं ठरवलंय. शेजारच्या म्हातारीसाठी गोळ्यांची आठवण देणारा डबा केला. वेळ झाली की डब्यावरची सायकलची घंटा वाजायची. गावात डुकरांना खायला घालताना तसलीच घंटा वाजवतात, हे बाईच्या ध्यानात नव्हतं, डुकरांच्या होतं. एका डुकरानं म्हातारीच्या गोळ्या खाल्ल्या. त्या डुकराचा रक्तदाब पुढं मरेपर्यंत उत्तम राहिला असं मासिना छातीवर हात ठेवून सांगते.

एक गोष्ट मात्र चालली. गुडघे धरलेल्या माणसांना संडासात खाली बसता-उठता येईना, म्हणून तिनं ट्रकच्या टायरची उंच बैठक केली. ती आज अर्ध्या गावात आहे. तिचं कौतुक कुणी केलं नाही, कारण चारचौघांत उठून करणार कसं?

तर अशा बाईनं लेफाओच्या पायाला हात घातला होता. गुडघ्याच्या वर तिनं होडीच्या छोट्या इंजिनाची मान बसवली. इंजिन जसं होडीच्या मागं डावी-उजवीकडं वळतं तशी नडगी वळायची. खटका दाबला की मान सैल, सोडला की घट्ट. केकाच्या प्रकारानंतर तिनं ती मान सोडवून उलटी बसवली. तेवढ्यावर थांबली असती तर ही गोष्टही इथंच थांबली असती.

“ह्यो दांडा कसला?” फेतूनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

“मोटारीच्या डिकीचा. झाकण आपसूक वर जातं बघ, त्या दांड्यानं. दादाला उठताना जोर लागतो. मांडी घातल्यावर पुन्यांदा खटका दाबला की ह्यो दांडा पाय सरळ करील. आपसूक.”

“त्येंनी कुटं मागितलाय?”

“मागितलं त्येवढंच द्याला मी काय इस्पितळ हाय?”

वरून तिनं त्याला रंगही दिला. परदेशी पाय गुलाबी होता, आणि वाइतोलोच्या बोलक्या मताईचा एक पाय तांबूस तपकिरी आणि दुसरा डुकराच्या पिलासारखा, हे तिला बघवेना. घरात होडीचा तपकिरी रंग होता. सभेच्या आदल्या दिवशी तिनं दोन हात मारले, खटक्यावर जरा जास्तच, कारण तो चकाकत होता.

सभेच्या दिवशी ती इतर बायकांबरोबर मागच्या स्वयंपाकाच्या छपरात बसली. तिथून सगळं दिसतं. घराला भिंती नसल्याचा हा एक फायदा.

तानीएलू आधीच येऊन लेफाओच्या खांबाला पाठ टेकून बसला होता. खांब ऊबदार ठेवत होता म्हणा. लेफाओ आला, चवरी खांद्यावर, काठी हातात, आणि त्याच्यासमोर उभा राहिला. काही बोलला नाही. बोलका माणूस गप्प उभा राहिला की फार अवघड होतं. तानीएलू सरकत सरकत मागच्या ओळीत गेला.

लेफाओ टेकला. लुंगीच्या आडून खटका दाबला. पाय डौलात आत वळला आणि दुसऱ्या पायाखाली जाऊन बसला, जसा जन्मापासून तिथंच होता.

छपरात मासिनानं सोलत असलेला तारोचा कंद हातातून सोडला.

“रडताय व्हय, वन्सं?” फेतू म्हणाली.

“धूर हाय.”

“चूल अजून पेटिवली न्हाय.”

“मंग पेटीव की, बसलीयास काय!”

आवा, म्हणजे मुळांचं मानाचं पेय, त्याच्या करवंट्या फिरल्या, मानपान झाले, आणि मग पाण्याच्या टाकीजवळ डुकरं सोडणारांचं काय करायचं यावर बोलणं सुरू झालं. आमच्या गावात डुकरांवर बोलणं सुरू झालं की दिवस मोजायचा नसतो. ऊन चढलं. हळूहळू एकेका मताईच्या पायाला मुंग्या यायला लागल्या. कुणी डावीकडं कलला, कुणी उजवीकडं, एकानं खोकल्याचं निमित्त करून मांडी बदलली. लेफाओ मात्र खांबाइतकाच ताठ. ज्या पायाला मुंग्या यायच्या तो त्याचा पाय इस्पितळात राहिला होता.

मोठ्या मताईनं शेवटी जेवणाची सुटी देत मान हलवली. आता उठायचं. लेफाओचा हात लुंगीखाली गेला. बाहेर आला. पुन्हा गेला. चेहरा तसाच, पण हात तिसऱ्यांदा गेला तेव्हा मासिनानं फेतूचं मनगट धरलं.

“रंग,” ती म्हणाली.

“कसला रंग?”

“उन्हानं रंग चिकाटला. खटका बसला चिकटून.”

बोलक्या मताईला बसता आलं आणि उठता येईना, म्हणजे चार जणांनी काखेत हात घालून उचलायचं, आणि तो पुढाकार कोण घेणार हे सांगायला नको. तानीएलू मागच्या ओळीत सरसावून बसलाच होता, डोळ्यांत दया मावत नव्हती.

लेफाओनं चवरी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर टाकली आणि बोलायला लागला.

काय बोलणार? जे सुचेल ते. टाकीपासून निघाला, ती टाकी बांधणारांच्या आज्यांवर गेला, आज्यांवरून त्यांच्या होड्यांवर, होड्यांवरून हे बेट समुद्रातून वर आलं त्या दिवसावर. बोलका मताई बोलत असताना उठता येत नाही. मोठा मताईसुद्धा बसला. बाकीच्यांचे पाय तोवर मेलेच होते, आता त्यांचा दफनविधी सुरू झाला. भाषण मात्र असं झालं की म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या, निम्म्या भाषणाला आणि निम्म्या कळांना.

“वैनी, कोकोचा मोठा लाकडी वाडगा घे. आत जा. वाकून ठिवताना मांडीच्या भाईरच्या अंगाला जोरात धक्का लागू दे. खटका तितंच हाय.”

“आत वाढायचं काम पोरांचं हाय, वन्सं. माजं काय हाय तितं?”

“नवरा हाय.”

“तुमीच जावा की. पाय तुमचा.”

भावाच्या मांडीला बहिणीनं, भर सभेत? फेतूनं जीभ चावली आणि वाडगा उचलला.

फेतू वाकून वाकून आत गेली, रीतीप्रमाणं माफी मागत, आणि नवऱ्यापाशी पोचल्यावर तिनं वाडगा असा ठेवला की बैलाचा गुडघा मोडला असता.

खटाक.

रंग सुटला. खटका सुटला. आणि कुणी न मागितलेला डिकीचा दांडा आपसूक कामाला लागला. लेफाओचा पाय लुंगीतून बाणासारखा निघाला आणि तपकिरी, चकाकता तळवा थेट मोठ्या मताईच्या नाकासमोर जाऊन थांबला. बेट नुकतंच समुद्रातून वर आलं होतं, ते तिथंच राहिलं.

फेतूनं शेजारची चटई ओढून पायावर टाकली, पण जे बघायचं ते सगळ्यांनी बघून घेतलं होतं.

“दंड!” तानीएलू गुडघ्यांवर उभा राहिला. इतक्या दिवसांची दया एका दमात गळून पडली. “मोट्या मताईला तळवा दावला! दंड पायजे! डुकरीन पायजे, आन मासळीच्या डब्यांची खोकी!”

“कुनावर?” मोठ्या मताईनं विचारलं.

“लेफाओवर! दुसऱ्या कुनावर?”

“खांबाचा मानकरी असून पाय दावला म्हनून?”

“व्हय तर! खांबाच्या मानकऱ्याला शोभतं का ह्ये?”

“समद्यांनी आयकलं?” म्हाताऱ्यानं सभेकडं बघितलं. “तानीएलू म्हनतो, लेफाओ खांबाचा मानकरी हाय आन त्येला दंड पायजे. माजं काय म्हननं न्हाय. दंड द्यावा.”

तानीएलू गुडघ्यांवरून खाली बसला. आमच्यात दंड मानकऱ्याला होतो. घरी पडलेल्या माणसाला कोण दंड करतो? त्याला केळी पाठवतात.

“दंड कबूल,” लेफाओ म्हणाला. लग्नात होकार देतानाही तो इतक्या आनंदानं बोलला नव्हता, हे फेतूनं नंतर सगळ्यांना सांगितलं.

मग मोठ्या मताईनं बाजूची चटई स्वतःच्या अंगावर ओढली, तिच्याखाली हळूच दोन्ही पाय लांब केले आणि डोळे मिटून असा काही सुस्कारा सोडला की सगळं घर भराभर चटया शोधायला लागलं.

डुकरीण मासिनाच्या घरची गेली. पायाचा गुन्हा पाय करणारीच्या घरावर, असं लेफाओनं ठरवलं, अर्थात फेतूच्या तोंडून. दुसऱ्या दिवशी फेतू पाय काखेत घेऊन ओसरीवर आली, दुसऱ्या हातात केळीच्या पानात बांधलेलं मांस.

“ह्यो बहिनीचा वाटा. तुमच्याच डुकरीनीचा हाय, तवा चव माईत असंलच. आन म्हनले, ‘तिला सांग, दांडा काढ.’”

“आनिक?”

“‘रंग राहू दे’ म्हनले.”

“आनिक काय म्हनला?”

“काय न्हाय. दोन येळा खांबाशी जाऊन बसून आले. सभा नसताना.”

मासिनानं पाय घेतला, खटक्यावरचा वाळलेला रंग नखानं खरवडून बघितला. तेवढ्यात एक गलेलठ्ठ मताई रस्त्यावरून वळून ओसरीशी आला. कालच्या सभेनं तो अजून लंगडत होता.

“मासिना, आमाला पन करून दे की असला. मुंग्या न्हाईत, कळा न्हाईत.”

“तुमाला तुमचा पाय हाय की, काका.”

“हाय ना. त्योच तर तरास.”

“मंग कोकोत आजून साखर घाला. नंबर लागंल.”

काका हसला. मग हसायचा थांबला, आणि गेला.

“वन्सं, लई वाईट बोलता.”

“त्यो घरी जाऊन कोको पिनारच हाय. जा आता, मला काम हाय.”

शेजारीण सकाळपासून दोनदा विचारून गेली होती, मशीन झालं का, पोरांचे चर्चचे कपडे तसेच पडलेत. मासिनानं पाय भिंत नसलेल्या ओसरीच्या खांबाला टेकवून ठेवला, मांस चुलीवर टांगलेल्या टोपलीत टाकलं, पाना उचलला आणि डोकं पुन्हा मशीनच्या पोटात घातलं.

“वैनी, जाताना तितला पट्टा दे,” आतून आवाज आला. “आन त्यो डिकीचा दांडा फेकू नगंस. ह्या मशीनचं झाकण आपसूक उघडलं तर बरं पडंल.”